शाळेचे बूट जूनमध्ये नको, दिवाळीनंतर घ्या: खर्चाचा हिशोब आणि मापाची रीत

जून आला की आमच्या खान्देशात पैसा एकाच वेळी दहा वाटांनी जातो. कपाशीच्या बियाण्याचं एक पाकीट नऊशेच्या घरात, वर खताच्या गोण्या, आणि नेमकं त्याच पंधरवड्यात पोरांच्या वह्या, दप्तर, ड्रेस, व्हॅनवाल्या भाऊंचा ॲडव्हान्स. बूट सगळ्यात शेवटी आठवतात. शाळा १५-१६ जूनला उघडते आणि आदल्या दिवशी संध्याकाळी आम्ही धुळ्यात आग्रा रोडला गर्दीत उभे, दुकानदाराला बोलायला फुरसत नाही, पोरगं घामाघूम, जो नंबर हाती येईल तो घालून बघितला न बघितला की पैसे दिले आणि घरी. मी सात-आठ वर्षं असंच केलं. पोरगी आता आठवीत आहे, पोरगा दुसरीत, आणि मधल्या काळात बुटांवर जे पैसे गेले ते वहीत लिहून काढले तेव्हा कळलं की चुकतंय ते आपण कधी घेतो आणि कसं मापतो तिथे, महाग की स्वस्त हा प्रश्न नंतरचा.

आधी हिशोबच सांगते. किंमत बघून स्वस्त-महाग ठरवू नका, शाळेच्या दिवसांनी भागून बघा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात कमीत कमी २०० दिवस शाळा भरते आणि सहावी ते आठवीला २२० दिवस. एका वर्षी मी पोरासाठी २८० रुपयांचे बूट घेतले, वरून एकदम चकाचक, पण श्रावणातल्या कानबाईच्या सणाआधीच पुढून सोल उघडला, मोजून चाळीस दिवस शाळा झाली असेल, म्हणजे दिवसाला ७ रुपये पडले. मग चिडून पुढच्या वेळी चांगल्या नावाचे १,८०० चे घेतले, ते टिकले पण फेब्रुवारीत पाय आत जाईना, दीडशे दिवस धरले तर दिवसाला १२ रुपये. पोरीला सातवीत गेल्यावर १,१९९ चे लेदरचे घेतलेत, हे दुसरं वर्ष चालू आहे, दोन वर्षांचे ४४० दिवस धरले तर दिवसाला पावणेतीन रुपयेसुद्धा पडत नाहीत. सगळ्यात जास्त दिवस चाललेला बूट सगळ्यात स्वस्त पडला, पण तोच १,१९९ चा बूट मी दुसरीतल्या पोराला घेतला असता तर पैसे पाण्यात गेले असते.

कारण लहान पोरांचा पाय थांबत नाही. साधारण चार ते दहा वर्षांपर्यंत पाय महिन्याला एक मिलीमीटरच्या आसपास वाढतो, म्हणजे वर्षाला एक सेंटीमीटर धरा, कोणाचा थोडा कमी कोणाचा जास्त. आणि आपल्याकडचे बुटाचे जे नंबर असतात ८, ९, १०, त्यात एका नंबरचा फरक साडेआठ मिलीमीटरच्या जवळपास असतो. म्हणजे वर्षाला एक नंबर आणि वर थोडं. (तेरा नंबरनंतर परत १ पासून सुरू होतं हे पण लक्षात ठेवा, माझी जाऊबाई तेरानंतर चौदा मागत होती. आणि २८, ३०, ३२ असे जे आकडे असतात ते वेगळ्या पद्धतीचे, त्यात एका आकड्याचा फरक साडेसहा-पावणेसात मिलीमीटरचा, दोन्ही मिसळू नका.) पुढे मुलींचा पाय तेराव्या-चौदाव्या वर्षाकडे वाढायचा थांबत येतो, मुलांचा पंधरा-सोळाकडे. त्यामुळे चांगल्या लेदरवर पैसा घालायचाच तर तो सातवी-आठवीपासून घाला, आधी नाही.

आता मुख्य गोष्ट, दिवाळीनंतर का. जूनमध्ये कोरा करकरीत बूट घालून पोरगं निघतं आणि पंधरा दिवसांत पाऊस लागतो. आमची काळी जमीन तुम्हाला माहीतच आहे, चिखल झाला की पाय उचलताना बूट खाली राहतो आणि पाय वर येतो, प्रत्येक पावलाला सोल वरच्या भागापासून ओढला जातो. मग ओला बूट रात्रभर वाळत नाही, सकाळी तसाच परत पायात. म्हणजे बुटाचं जे सगळ्यात नवं, चांगलं आयुष्य असतं ते आपण चिखलात घालवतो आणि पुढचे सहा कोरडे महिने पोरगं तोंड वासलेला बूट घालून हिंडतं. हे उलटं करायचं. नवा बूट नोव्हेंबरात घ्यायचा, तो नोव्हेंबर ते एप्रिल कोरड्यात मस्त चालतो, आणि जूनमध्ये तोच बूट जुना म्हणून पावसात काढायचा, दिवाळीपर्यंत. माप नीट घेतलं असेल तर पुढे सोडलेली बारा मिलीमीटर जागा बरोबर बारा महिने पुरते. शिवाय दिवाळीच्या आसपास पहिल्या वेचणीचा कापूस घरात आलेला असतो, थोडा तरी विकलेला असतो, जूनसारखी उसनवारी करावी लागत नाही. आणि दुकानदार तेव्हा मोकळा असतो, चार जोड्या काढून दाखवतो, भाव पण करता येतो. एखादा नंबर नसला तर आठ दिवसांत मागवून देतो.

पहिल्या वर्षी मात्र जूनला काहीतरी घ्यावंच लागेल, तेव्हा अडीचशे-तीनशेचा साधा रबरी-प्लॅस्टिकसारखा पूर्ण धुता येणारा काळा बूट घ्या, तो पावसापुरताच, त्याच्याकडून दिवाळीच्या पुढची अपेक्षा ठेवू नका. बऱ्याच शाळा जुलै-ऑगस्टमध्ये सॅंडल चालवून घेतात, पण कोणी विचारतच नाही. मी पालक सभेत विचारलं तर बाईंनी लगेच हो म्हटलं, त्यांनाही वर्गात चिखल नकोच असतो.

पोरांना शाळेच्या पहिल्या दिवशी नवे बूट हवे असतात, हे मला कळतं, माझ्या पोराचे डोळे भरून आले होते पहिल्यांदा जुनेच घालायची वेळ आली तेव्हा. मग मी काय केलं, बूट नीट धुऊन पॉलिश केले, आतला सुकतळा नवा टाकला तीस रुपयांचा, कोरे मोजे. आणि त्याला सांगितलं की तुझे नवे बूट दिवाळीत येणार आणि दुकानात तूच निवडायचे. दिवाळीत त्याने खरंच निवडले आणि तेव्हापासून तक्रार नाही.

माप. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात म्हणून जरा सविस्तर लिहिते. आमच्या सासरी पारोळ्याकडे अजूनही बरेच जण पोराच्या पायाचं सुतळीने नाहीतर काडीने माप घेतात आणि बाप तालुक्याला जाऊन बूट आणतो, पोरगं घरीच. सुतळी ताणली जाते, काडीने रुंदी कळत नाही. आणि सासूबाईंचं ठरलेलं वाक्य, "पोऱ्याना पाय वाढस, दोन नंबर मोठाच लई ये" (म्हणजे मोठाच घेऊन ये). माया आहे त्यात, पण दोन नंबर मोठा म्हणजे पायाच्या पुढे दोन-अडीच सेंटीमीटर मोकळं, टाच प्रत्येक पावलाला वर सरकते, फोड येतात, पोरगं जिन्यावरून अडखळतं, आणि चालताना बूट चुकीच्या जागी दुमडून तिथेच फाटतो. म्हणजे पाय मोठा होईपर्यंत बूटच राहत नाही.

बरोबर पद्धत अशी. संध्याकाळी माप घ्या, दिवसभर चालून-खेळून पाय थोडा पसरलेला असतो. भिंतीला लागून जमिनीवर कागद ठेवा, पोराला त्यावर मोजे घालून उभं करा, टाच भिंतीला टेकलेली, वजन दोन्ही पायांवर, बसवून मापू नका. सगळ्यात लांब बोटापाशी पुस्तक उभं धरून रेघ मारा, सगळ्यात लांब बोट अंगठाच असतो असं नाही, काहींचं शेजारचं बोट लांब असतं. दोन्ही पाय मापा, बहुतेकांचा एक पाय किंचित मोठा असतो, मोठा आहे तो धरा. मग त्या लांबीत १२ मिलीमीटर मिळवून जाड पुठ्ठ्याची एक पट्टी कापा, बोटभर रुंद. ही पट्टी पर्समध्ये ठेवून दुकानात न्यायची. बुटात पट्टी टाचेपासून पुढेपर्यंत सरळ, न वाकता बसली की नंबर बरोबर. वाकली तर लहान, पुढे अजून खुळखुळली तर मोठा. कंपनीकंपनीचे नंबर सारखे नसतात, म्हणून मागच्या वेळी ११ लागला होता असं सांगून बूट घेऊ नका, पट्टीवर विश्वास ठेवा. पोरगं सोबत असेल तर सोन्याहून पिवळं, तेव्हा सुकतळा बाहेर काढून त्याच्यावर पोराला उभं करा, पुढे किती जागा राहते आणि रुंदीला पाय बाहेर येतो का हे डोळ्यांना दिसतं. बुटाच्या वरून दाबून बघायची जी सवय असते तिच्यावर जाऊ नका, दाबलं की पोरं आत बोटं मुडपून घेतात आणि आपल्याला वाटतं जागा आहे. नवा बूट हवा असेल तर पोरगं "चावत नाही" असंच सांगणार.

वर्षात चार वेळा पाय तपासायचा, मी सणांना बांधून टाकलंय म्हणजे विसरत नाही: दिवाळी, संक्रांत, अखाजी (अक्षय तृतीया), पोळा. अखाजीची तपासणी सगळ्यात महत्त्वाची कारण तेव्हा कळतं की हा बूट पावसाळा काढेल की नाही. पुढे पाच-सहा मिलीमीटर तरी जागा उरलेली पाहिजे. काही पोरं अचानक वाढतात, तेव्हा माझा बारा महिन्यांचा हिशोब बाजूला ठेवा आणि मोठा बूट घ्या, घट्ट बुटात पाय कोंबून पैसे वाचवायचे नाहीत.

दुकानात काय बघायचं. बूट हातात घेऊन पुढून आणि मागून धरून वाकवा, तो चवड्याच्या जागी वाकला पाहिजे, मधोमध मोडल्यासारखा वाकला तर ठेवून द्या. टाचेची मागची बाजू दोन बोटांनी दाबा, ती कडक हवी. सोल नुसता चिकटवलेला आहे की कडेने शिलाई आहे ते बघा, शिलाईवाला पन्नास-शंभर जास्त असला तरी घ्या. आत हात घालून अस्तर बघा, कापडी असेल तर घाम शोषतो, गुळगुळीत प्लॅस्टिकसारखं असेल तर आपल्याकडच्या ४२-४५ च्या उन्हात पायाची नुसती भाजी होते. खालच्या बाजूला किंवा लेबलवर छोटी चित्रं असतात, पसरलेल्या कातड्याच्या आकाराचं चिन्ह म्हणजे लेदर, साधा चौकट-हिरा म्हणजे सिंथेटिक, जाळीचं म्हणजे कापड. दुकानदार लेदर म्हणत असेल आणि खाली हिरा असेल तर त्याप्रमाणे भाव करा. आयएसआय मार्क बघा, १ ऑगस्ट २०२४ पासून बऱ्याच प्रकारच्या पादत्राणांना तो सक्तीचा झालाय, छोट्या कारखान्यांना सूट आहे, त्यामुळे मार्क नाही म्हणजे बूट वाईटच असं नाही.

तिसरीपर्यंत चिकटपट्टीवालेच घ्या, लेस बांधता येत नाही आणि सुटलेल्या लेसवर पोरं पडतात. चिकटपट्टीत कचरा अडकून ती धरेनाशी होते, जुन्या कंगव्याने विंचरून काढा, परत धरते. लोक यावरून बूट फेकून देतात. धडगाव, अक्कलकुव्याकडे डोंगर उतरून चालत शाळेत येणारी पोरं आहेत त्यांच्यासाठी मात्र सोलची खोल नक्षी आणि पकड हे सगळ्यात आधी बघा, दिसण्याचं नंतर.

पक्कं बिल मागा. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या बुटांवर जीएसटी ५ टक्के झालाय, आधी हजारापर्यंत १२ आणि त्याच्या वर १८ होता, म्हणजे हजार-बाराशेच्या लेदर बुटात बराच फरक पडतो. जुन्या छापील किमतीचा डबा असेल तर कर उतरल्याने भाव कमी केला का तेवढं विचारा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. घरी आणल्यावर पहिले दोन दिवस घरातच चटईवर घालून फिरवा, सोलला माती लागली की कोणी बदलून देत नाही. आणि शाळेने सांगितलं की अमुकच दुकानातून घ्या तर लक्षात ठेवा, ठराविक दुकानाची सक्ती करता येत नाही असं शिक्षण विभागाने वेळोवेळी सांगितलेलं आहे. आमच्या ओळखीत एकीला असंच एका दुकानाचं नाव चिठ्ठीवर दिलं होतं, तिने रंग आणि नमुना विचारून घेतला आणि दुसरीकडून घेतला, काही झालं नाही.

जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेच्या शाळेत पहिली ते आठवीला पोरं असतील तर २०२३ मध्ये शासनाने एक जोडी बूट आणि दोन जोडी मोजे द्यायचं ठरवलं, एका मुलामागे १७० रुपये धरून. १७० मध्ये काय येतं ते आपल्याला कळतंच, पण पावसापुरती जोडी म्हणून ती उपयोगी पडते, फक्त नंबर बरोबर आला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात, तर मीटिंगला जा आणि सांगा की वर्गावर अंदाजे नंबर लिहू नका, भिंत-कागदाची पद्धत वापरून प्रत्येकाचं माप घ्या. तीस पोरांचा वर्ग तासाभरात होतो.

मोज्यांवर कंजूषी करू नका. सुती मोजे, चार जोड्या, पन्नासच्या आसपास एक. नायलॉनचे वीस-तीसला मिळतात पण उन्हात बोटांच्या मध्ये खाज आणि बुरशी सुरू झाली की डॉक्टर आणि मलम धरून तिप्पट जातात. पीटीसाठी पांढरे कॅनव्हासचे बूट लागतात का हे आधी शाळेत विचारा, काही शाळांत ते नुसते शनिवारीच लागतात, तेवढ्यासाठी सातशे-आठशेचे स्पोर्ट्स शूज नकोत, अडीचशे-तीनशेचे कापडी पुरतात.

दुरुस्तीचं सांगायचं राहिलं. मे महिन्यात, बूट चांगला असतानाच, गटई काम करणाऱ्या काकांकडे नेऊन दोन्ही सोलला कडेने पूर्ण शिलाई मारून घ्या. आमच्याकडे साठ रुपये घेतले दोन्हीचे. सोल उघडल्यावर चिकटवून घेतला की चिखलात परत उघडतो, पण आधीच शिवलेला पावसाळा काढतो. फक्त खालचा सोल कडक पातळ प्लॅस्टिकचा असेल तर सुईने चिरतो, तसं असेल तर काका स्वतःच नाही म्हणतात. ओले बूट चुलीजवळ किंवा गॅसपाशी ठेवू नका, चिकटवलेलं सुटतं, सुकतळा बाहेर काढून आत वर्तमानपत्राचे बोळे भरा, झोपायच्या आधी एकदा बोळे बदला, सकाळपर्यंत घालण्यासारखे होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत पत्र्याखाली, पोटमाळ्यावर ठेवू नका, भट्टी असते तिथे.

मोठ्याचे बूट धाकट्याला घालायचे का? कॅनव्हास, पावसाळी जोडी, कमी वापरलेले, चालतात. रोजचे बूट असतील तर टाच एका बाजूने झिजलीय का बघा, झिजली असेल तर नको, पहिल्याच्या चालीचा आकार बसलेला असतो. आणि तीन-चार वर्षं माळ्यावर पडलेले पीयू (पॉलीयुरेथेन) सोलचे बूट वरून नवे दिसतात पण घातल्यावर सोलचा भुगा होतो, तो माल आपोआप खराब होत जातो. माझ्या पोरीचे जपून ठेवलेले असे दोन जोड वाया गेले, तेव्हाच कोणाला तरी दिले असते तर एखाद्या पोरीने वर्षभर घातले असते.

आमचा आत्ताचा वर्षाचा खर्च असा बसतो. पोराचे दिवाळीनंतरचे बूट ६४९, कॅनव्हास २८०, मोजे २००, शिलाई ६०, झाले १,१८९. पोरीचे लेदर १,१९९ दोन वर्षांत वाटून ६०० धरते, कॅनव्हास ३५०, मोजे २००, पॉलिश-लेस ११०, म्हणजे १,२६०. दोघांचे मिळून २,४५० च्या आसपास, महिन्याला दोनशेला थोडे वर. ते मी संक्रांतीपासून एका डब्यात टाकत जाते, एखाद्या महिन्यात जमत नाही, कापसाचे पैसे आले की भरून काढते. जूनमध्ये आता माझ्या यादीत बुटांसमोर फक्त सुकतळे, मोजे आणि पॉलिशची डबी असते, थोड्या पैशाचं काम, आणि १४ तारखेच्या संध्याकाळी आम्ही घरीच असतो.